कथेची अंगे

गोष्ट ऐकण्याची आवड माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. पंचतंत्रातील गोष्टी शतकानुशतके सांगितल्या जात आहेत. चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकली नाही, असे मूल महाराष्ट्रात विरळाच. परंतु आज ज्याला लघुकथा म्हणतात, तो वाङ्मयप्रकार त्या मानाने अर्वाचीन होय. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. मराठी लघुकथेच्या वाढीला त्यांचा मोठा हातभार लागला.

शरीराला जशी हात, पाय, डोळे ही अंगे असतात, तशीच कथेलाही असतात. ती ओळखण्यासाठी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा चांगली उपयोगी पडते. हिंदीतील ही कथा १९३३ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक हामीद हा चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा. त्याची वृद्ध आजी अमीना त्याचा सांभाळ करते. ईदच्या दिवशी तो गावातील मुलांबरोबर तीन कोस चालत शहरातील ईदगाहाकडे जातो. मुले जत्रेत खेळणी घेतात, मिठाई खातात. हामीदजवळ मात्र अवघे तीन पैसे असतात. त्या पैशांचा तो लोखंडी चिमटा विकत घेतो. कारण तव्यावरची रोटी काढताना आजीची बोटे भाजतात, हे त्याला आठवते.

घटनांच्या ओळीने केलेल्या मांडणीला कथानक म्हणतात. मात्र घटना एकापुढे एक ठेवल्या, एवढ्याने कथानक होत नाही. मुले जत्रेला गेली, खेळणी घेतली आणि घरी आली, हा केवळ वृत्तान्त झाला. आजीची बोटे भाजतात म्हणून हामीदने चिमटा घेतला, या कार्यकारणाच्या धाग्याने घटना गुंफल्या गेल्या, की कथानक तयार होते.

कथा ज्यांच्या जीवनात घडते, ती तिची पात्रे. लघुकथेत पात्रे थोडी असतात आणि त्यांचे सारे आयुष्य सांगायला अवसर नसतो. म्हणून लेखक त्यांचा स्वभाव कृतीतून प्रकट करतो. हामीद समंजस आहे, असे सांगण्याची गरजच उरत नाही. त्याचा हात चिमट्याकडे जातो, त्यातच सारे येते.

कथा कोठे व केव्हा घडते, ते तिचे स्थळ व काळ. येथे ईदचा सण आहे. गावात आनंदाची गडबड आहे आणि अमीनेच्या घरात मात्र अन्नाचा दाणा नाही. दिवस सणाचा आहे, म्हणूनच ते दारिद्र्य अधिक बोचते.

कथेचा प्राण म्हणजे संघर्ष. संघर्ष म्हणजे मारामारी नव्हे. दोन ओढींमध्ये माणूस सापडला, की संघर्ष उभा राहतो. हामीदलाही खेळणी हवीशी वाटतात. तोही मूलच आहे. एकीकडे खेळण्यांचा मोह आणि दुसरीकडे आजीचे भाजलेले हात, यांतून त्याला निवड करावी लागते. तीन पैसे एकदाच खर्च होणार, म्हणून त्या निवडीला मोल येते.

संवादांमुळे पात्रे जिवंत होतात. मित्र हामीदच्या चिमट्याची थट्टा करतात, तेव्हा तो त्यांच्याशी चुरशीने वाद घालतो. मातीची खेळणी फुटतील, चिमट्याला मात्र आगीचेही भय नाही, या त्याच्या युक्तिवादाने सारे निरुत्तर होतात. येथे मघाचा पोक्त हामीद पुन्हा खोडकर मूल झालेला दिसतो.

शेवटी कथेचा परिणाम. चिमटा पाहून अमीना आधी रागावते. उपाशी पोराने खाऊ न घेता लोखंड आणले, म्हणून तिचा संताप होतो. परंतु कारण कळताच ती लहान मुलीसारखी रडू लागते. हामीदला त्या अश्रूंचा अर्थ उमगत नाही. वाचकाला मात्र तो उमगतो.

कथेचे मर्म जाणण्याची एक सोपी रीत आहे. तिचे एखादे अंग मनाने वेगळे काढून पाहावे. हामीदजवळ पुष्कळ पैसे असते तर? त्याने चिमटा घेतला असता आणि खेळणेही. मग आजीच्या डोळ्यांत पाणी कशाला आले असते? सणाऐवजी एखादा साधा दिवस असता, तर त्यागाची धार बोथट झाली असती. चांगल्या कथेतील कोणताही तपशील असा सहज काढून टाकता येत नाही.

कथेसाठी राजे-महाराजे किंवा मोठाली युद्धे लागतात, असे नाही. तीन पैसे, एक चिमटा आणि एका मुलाचे मन एवढ्यावरही श्रेष्ठ कथा उभी राहते. सारी अंगे एकाच परिणामासाठी झटतात, तेव्हा छोटीशी कथाही वाचकाच्या मनात दीर्घकाळ राहते.