अनुभवी खेळाडू की भविष्यातील संधी? : पराभूत संघाच्या पुनर्बांधणीचा एक विचार

प्रस्तावना

सातत्याने पराभूत होणाऱ्या संघापुढे नेहमी एक प्रश्न उभा राहतो. नामवंत व अनुभवी खेळाडूंना हाताशी धरून पुढचा सामना जिंकण्याचा प्रयत्न करावा, की त्यांना बाजारात मोल आहे तोवर सोडून देऊन त्या बदल्यात नव्या खेळाडूंसाठी संधी मिळवावी? अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. महाराष्ट्रात तो २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे क्रीडारसिकांच्या चर्चेत आला. प्रस्तुत लेखात ‘पुणेरी पलटण’ या संघाच्या २०१९ ते २०२५ या काळातील वाटचालीच्या आधारे या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना

अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये १९३६ पासून ‘ड्राफ्ट’ पद्धती रूढ आहे. महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड सर्व संघ क्रमाने करतात आणि मागील वर्षी सर्वांत दुबळ्या ठरलेल्या संघास प्रथम निवडीचा हक्क मिळतो. हा हक्क दुसऱ्या संघाशी विनिमय करता येतो. ऑक्टोबर १९८९ मध्ये एकही सामना न जिंकलेल्या डॅलस काउबॉईज संघाने आपला सर्वोत्तम खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटा संघास दिला आणि त्या बदल्यात काही खेळाडू व अनेक निवडहक्क घेतले. त्या वर्षी डॅलसने सोळांपैकी केवळ एक सामना जिंकला. परंतु १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचे अजिंक्यपद त्याच संघाने पटकावले.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. क्लीव्हलंड ब्राऊन्स संघाने २०१६ व २०१७ मध्ये वरच्या क्रमांकाचे निवडहक्क देऊन अधिक संख्येने हक्क गोळा केले. २०१६ मध्ये त्या संघास एक विजय मिळाला आणि २०१७ मध्ये एकही नाही. केड मॅसी व रिचर्ड थेलर या अभ्यासकांनीही असे दाखवून दिले आहे की, संघ अगदी वरच्या निवडहक्कांचे मोल वाजवीपेक्षा अधिक मानतात. तात्पर्य, निवडहक्क ही केवळ संधी असते. तिचे सामर्थ्यात रूपांतर करणे हे वेगळे कार्य आहे.

प्रो कबड्डीत ड्राफ्टऐवजी मुख्यत्वे लिलाव आहे. प्रत्येक संघाच्या खर्चास समान कमाल मर्यादा असते. त्यामुळे महागडा खेळाडू मुक्त केला म्हणजे तेवढी रक्कम मोकळी होते. ही मोकळी रक्कम हाच येथील ‘निवडहक्क’ होय.

पुणेरी पलटणचे उदाहरण

२०१९ च्या सातव्या हंगामात पुणेरी पलटण बारा संघांत दहाव्या स्थानी राहिली. आठव्या हंगामासाठी संघाने राहुल चौधरी व नितीन तोमर या नामांकित चढाईपटूंवर भिस्त ठेवली. हंगामाचा प्रारंभ निराशाजनक झाला. मात्र त्याच हंगामात पदार्पण करणारे अस्लम इनामदार व मोहित गोयत यांच्यावर चढाईची जबाबदारी येत गेली आणि संघाने बाद फेरी गाठली. अस्लम हा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील खेळाडू होय. पुढील हंगामापूर्वी राहुल चौधरी यांना मुक्त करण्यात आले व तरुणांना राखून ठेवण्यात आले.

येथे एक बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. संघाने अनुभवाचा त्याग केला नाही. नवव्या हंगामासाठी इराणचा बचावपटू फजल अत्राचली यास १.३८ कोटी रुपयांस घेऊन त्याच्याकडे नेतृत्व सोपविण्यात आले. चढाई तरुणांची आणि बचावाचे नेतृत्व ज्येष्ठाचे, अशी ही रचना होती. डिसेंबर २०२२ मध्ये संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून पराभूत झाला. त्यानंतर अत्राचलीही मुक्त झाला. दहाव्या हंगामात खर्चाची मर्यादा ५ कोटी असताना पलटणने त्यांपैकी २.३५ कोटी मोहम्मदरेझा शादलू या एकाच तरुण अष्टपैलू खेळाडूवर खर्च केले. उर्वरित संघ अल्प मोलात राखलेल्या तरुणांचा असल्यामुळेच हे शक्य झाले. १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रथमच अजिंक्यपद मिळविले.

विश्लेषण

केवळ या यशावरून ‘ज्येष्ठांना सोडावे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०२२ मध्ये पुण्यास हरविणाऱ्या जयपूर संघात राहुल चौधरी होते. २०२५ च्या अंतिम सामन्यात पुण्यास ३१-२८ असे पराभूत करणाऱ्या दिल्ली संघात अत्राचली होता. म्हणजे मुक्त केलेला अनुभव निरुपयोगी नव्हता. तो दुसऱ्याच्या कामी आला. तसेच अकराव्या हंगामात शादलू २.०७ कोटींस हरियाणाकडे गेला. हरियाणा विजेता ठरला आणि पुणे बाद फेरीही गाठू शकले नाही. लिलावाच्या पद्धतीत तरुण खेळाडूही कायमचा आपला राहत नाही.

तरीही सात वर्षांत दहाव्या स्थानावरून तीन अंतिम सामन्यांपर्यंत झालेली प्रगती योगायोग म्हणता येणार नाही. तिचे मर्म क्रमात आहे. पुण्याने राहुल चौधरी यांना सोडले, तेव्हा त्यांची जागा घेणारे खेळाडू आधीच संघात होते व एक हंगाम खेळून सिद्ध झाले होते. क्लीव्हलंडपाशी संधी होत्या, वारसदार नव्हते.

निष्कर्ष

दुबळ्या संघाने अनुभवी खेळाडूंचा विनिमय करावा; परंतु तीन अटींवर. पहिली, त्यांची जागा घेणारा खेळाडू संघात तयार होत असावा. दुसरी, मोकळी झालेली साधनसंपत्ती संघातील एखादी निश्चित उणीव भरून काढण्यासाठी वापरावी. तिसरी, व्यवस्थापनाने किमान दोन-तीन हंगाम धीर धरावा. यांपैकी पहिली अट पूर्ण होत नसेल, तर ज्येष्ठांस ठेवून त्यांच्याकडून नवोदितांस घडवून घेणे हेच अधिक श्रेयस्कर होय.

महाविद्यालयीन संघांच्या दृष्टीने हा विचार दूरचा नाही. ठाणे, डोंबिवली वा कोपर परिसरातील कोणत्याही महाविद्यालयात पदवीच्या अंतिम वर्षातील खेळाडू परीक्षेनंतर संघ सोडून जातो आणि त्याच्या बदल्यात संघास काहीही मिळत नाही. अशा वेळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास केवळ राखीव म्हणून बसवून न ठेवता काही सामन्यांत ज्येष्ठांच्या जोडीने मैदानात उतरविणे, एवढा निर्णय क्रीडाविभागाच्या हाती असतो. तो न घेतल्यास दर जूनमध्ये संघबांधणीस शून्यापासून प्रारंभ करावा लागतो.