मुंबईचा दगड

फोर्टमधल्या इमारती बघायला निघालेला माणूस सहसा मान वर करून चालतो. घुमट, मनोरे, कमानी बघतो. मी म्हणेन, आधी भिंतीजवळ जा आणि दगडाला हात लावा. या शहराचा इतिहास भिंतींतून जास्त स्पष्ट वाचता येतो. त्यासाठी शनिवार-रविवार पुरतो. शनिवार फोर्टमध्ये घालवावा आणि रविवार कान्हेरीला.

सुरुवात जीपीओपासून, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयापासून करावी. जॉन बेग यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१३मध्ये पूर्ण झाली. तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दगडाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. अंग काळ्या बेसाल्टचं, सजावटीला कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि सौराष्ट्रातल्या ध्रांगध्र्याहून आणलेला पांढरा दगड. काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याच काळातला साठेक मीटर उंचीचा अखंड कडा. हा दगड भार पेलतो, पाऊस सोसतो, पण त्यात नाजूक पान-फूल काढायचं तर पाथरवटाचा घाम निघतो. मालाडचा पिवळसर दगडही ज्वालामुखीचाच, पण टाकीला जास्त दाद देणारा. अगदी बारीक कोरीवकामासाठी पोरबंदरचा चुनखडीचा दगड आणत. म्हणून भिंत काळी, कमानीची कड पिवळी आणि त्यावरचा मोर पांढरट, अशी वाटणी जुन्या मुंबईत वारंवार दिसते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा: कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. डेव्हिड ससून वाचनालय आणि शेजारचं एल्फिन्स्टन कॉलेज मालाडच्याच दगडाचं.

एवढं बांधकाम एकदम का निघालं? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी १८६२नंतर किल्ल्याचे तट पाडायला घेतले. पैसाही होता आणि जागाही मोकळी झाली. ओव्हल मैदानात उभं राहिलं की त्या काळातली सरकारी इमारतींची रांग समोर येते: सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय. मधोमध ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर. त्याचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केला, ते मुंबईला कधी आलेच नाहीत. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. पण मनोऱ्यावर उंच उभ्या असलेल्या पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या मूर्तींचे नमुने घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. १८७८मध्ये मनोरा पुरा झाला. त्याच वर्षी बोरीबंदरला आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं काम सुरू झालं. त्याचे वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स, साहाय्यक अभियंते सीताराम खंडेराव वैद्य, आणि कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात. या इमारतींना सरसकट ‘ब्रिटिश’ म्हणणं मला पटत नाही. आराखडा तिकडचा खरा, पण अंगकाठी इथल्या डोंगरांची आणि हात इथल्या माणसांचे.

ओव्हलच्या पश्चिमेला वळलं की दगड जवळजवळ संपतोच. १९३०च्या दशकातल्या त्या आर्ट डेको इमारती सिमेंट-काँक्रीटच्या आहेत. २०१८मध्ये युनेस्कोने मैदानाच्या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं.

रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांकडे जावं. (सोमवारी उद्यान बंद असतं.) फोर्टमध्ये खाणीतून दगड आणून इमारत रचली, कान्हेरीत डोंगरातून दगड काढून टाकून इमारत मोकळी केली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलं हे काम जवळजवळ हजार वर्षं चाललं आणि शंभराहून जास्त लेणी झाली. इथे चिरा बदलायची सोय नव्हती. तडा गेला तर त्याच्यासकट पुढे जायचं. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात काही खांबांवर हत्ती-माणसं कोरून झाली आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. मला ही अपूर्ण रांग पुऱ्या झालेल्या खांबांहून जास्त शिकवते, कारण काम कोणत्या टप्प्यावर थांबलं ते तिथे दिसतं. ओसरीत सुमारे सात मीटर उंचीचा बुद्ध उभा आहे. बाहेर पडून पायाखाली बघा: कातळावर पडणारा पाऊस चरांतून वळवून लेण्यांशेजारच्या टाक्यांत, म्हणजे पोढ्यांत, साठवण्याची व्यवस्था डोंगरभर केलेली आहे. या पोढ्यांना आणि लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपाऱ्याची माणसं होती, हे तिथल्या शिलालेखांत आहे. म्हणजे हा दगड घडवायला पैसा देणं ही या किनाऱ्याची ब्रिटिशांच्या फार आधीची रीत.

आता मालाड-कुर्ल्याच्या खाणींच्या जागी वस्ती आहे. जुन्या इमारतीचा चिरा निखळला तर तसाच नवा मिळणं फार अवघड. तरीही जुन्या घरांच्या दगडी दर्शनी भिंतींवर ऑइलपेंट चढतो, चुन्याच्या जागी दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरलं जातं. सिमेंट आणि रंग भिंतीतला ओलावा बाहेर पडू देत नाहीत, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. तुमचं घर, कचेरी किंवा शाळा अशा दगडी इमारतीत असेल, तर पुढच्या दुरुस्तीच्या बैठकीत दोनच गोष्टींचा आग्रह धरा: दगडाला रंग लावू नका, आणि दर्जा चुन्यानेच भरा.