छातीवरची चंद्रकोर

दोन वाघांच्या अंगावरील पट्टे कधी सारखे नसतात, म्हणून जंगलवाटेवर कॅमेरा बांधून वाघांची खानेसुमारी करणे शास्त्रज्ञांना साधले. अस्वलाचे तसे नाही. जपानच्या होन्शू व शिकोकू बेटांवरील अरण्यांत वावरणारे आशियाई काळे अस्वल (काश्मीरच्या दाचीगाममध्ये आढळते तेही याच जातीचे) सर्वांगी काळे असते, आणि रात्रीच्या छायाचित्रात एकाला दुसऱ्यापासून ओळखणे जवळजवळ अशक्य. बहुतेकांच्या छातीवर मात्र पांढरी चंद्रकोर असते आणि तिची ठेवण प्रत्येकाची निराळी. परंतु चतुष्पादाची छाती जमिनीकडे वळलेली, ही मोठीच अडचण. तेव्हा जपानी संशोधकांनी मधाचे आमिष अस्वलाच्या डोक्याहून उंच टांगले आणि समोर कॅमेरा रोखला. मधाच्या लोभाने अस्वल मागल्या पायांवर उभे राहते, आणि त्याच्या ओळखीचा दाखला आपसूक दप्तरी जमा होतो.

सभोवतालाहून उष्ण असे शरीर समोर हलले की हा कॅमेरा जागा होतो व प्रत्येक चित्रावर तारीख-वेळ उमटवतो. या तारखा ओळीने मांडल्या म्हणजे अस्वलाचा वर्षक्रम उलगडू लागतो: वसंतात कोवळे अंकुर, ग्रीष्मात रानफळे व मुंग्या, शरदात ओक आणि बीच यांची फळे, आणि हिमकाळात शुकशुकाट, कारण तेव्हा अस्वल गुहेत वा झाडाच्या ढोलीत दीर्घ निद्रेत असते. आपल्या मेळघाटातले अस्वल निराळ्या जातीचे. त्याला ही निद्रा ठाऊक नाही.

मात्र या हजेरीपटाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ज्या वर्षी बीच व ओक फळत नाहीत, त्या वर्षी अस्वले अन्नासाठी दूरवर भटकतात, प्रसंगी गावांत शिरतात, आणि साहजिकच कॅमेऱ्यांपुढे अधिक वेळा येतात. २०२३ साली ईशान्य जपानात बीचचे पीक बुडाले, आणि त्या वर्षी देशभरात अस्वलांच्या हल्ल्यांत २०० हून अधिक माणसे सापडली. अशा वर्षीच्या चित्रसंख्येवरून अस्वले वाढली असे अनुमान काढणे म्हणजे दुष्काळी कामावर गर्दी झाली म्हणून गावची वस्ती वाढली असे समजणे होय.

मादीचा समागम ग्रीष्मात होतो, परंतु गर्भ रुजतो तो शरद सरता सरता, आणि तोही तिच्या अंगी पुरेशी चरबी साठली असेल तरच. पिले जन्मतात ती ऐन हिवाळ्यात. वसंतात मादीमागोमाग पिले चालताना दिसली, तर मागल्या शरदात ओक कसा फळला याचीच साक्ष त्या छायाचित्रातून मिळते. सबब, एका हंगामाच्या नोंदींवर निवाडा न देता, वर्षानुवर्षांचे दप्तर झाडांच्या फळण्याशी ताडून पाहावे लागते.