पेपर सुटल्यानंतरचा पेपर

"पेपर कसा गेला हे विचारायचं नाही," अशी सौ.ची सक्त ताकीद घेऊनच आम्ही घरून निघालो होतो. भारतात साडेदहाला सुरू होणारा सीबीएसईचा पेपर इथे अमिरातीत नऊला सुरू होतो आणि बाराला सुटतो. लेकीचा बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर. फेब्रुवारीअखेरचे ऊन इथे सोसण्यासारखे असते, म्हणून आम्ही गाडीबाहेर उभे होतो. बाकीचे बापही तसेच उभे, सगळे फोनकडे बघत आणि कोणाचेही लक्ष फोनमध्ये नाही.

मुले बाहेर आली आणि फाटकापाशीच कोंडाळे झाले. आमच्या वेळी सांगलीत हे कोंडाळे रसवंतीगृहात जमायचे. घुंगरांच्या आवाजात उसाचा रस आणि "तुझं काय आलं?" हे दोन्ही एकदमच चालायचे. इथे रस नाही. बाकी सगळे तेच. भाषा मात्र हिंदी, मल्याळम आणि इंग्रजीची मिसळ, आणि आमच्या लेकीचे मराठी त्यावर शेव भुरभुरल्यासारखे.

शिवाय एक नवी गंमत. प्रश्नपत्रिकेचे संच वेगवेगळे, त्यामुळे एकाचा सातवा प्रश्न दुसऱ्याचा तिसरा. सोळा बहुपर्यायी प्रश्न, त्यांतले शेवटचे चार विधान आणि कारणाचे. "माझं बी आलं," म्हणणाऱ्याला आधी विचारावे लागते, बाबा रे, तुझा संच कोणता? एकूण तेहतीस प्रश्न, सत्तर गुण, कॅल्क्युलेटर नाही. पुस्तकही आमच्या वेळचे राहिलेले नाही. 2022-23 पासून एनसीईआरटीने बारावीची सोळाची दहा प्रकरणे केली. धातू काढण्याचे प्रकरण गेले, पॉलिमरचेही गेले. जेबेल अलीला 1979 पासून ॲल्युमिनियम निघते आणि रुवैसला पॉलिमरचे एवढे मोठे कारखाने आहेत. त्या देशात राहून आमची मुले ते शिकत नाहीत, ही आमची जुनी तक्रार. असो, द्रावणांचे प्रकरण राहिले आहे, आणि गोष्ट त्याचीच आहे.

गाडीत बसल्यावर लेक बोलेना. शारजाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा डोळे पुसताना दिसली. पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणाचा परासरण दाब काढायचा होता. पाचजणांनी उत्तरे पडताळली. चौघांचे एक, हिचे वेगळे.

घरी आल्यावर आम्ही जे केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. जेवता जेवता डीवा बिलाच्या पाठीवर, नाही, दुबईत राहत नाही आम्ही, सेवाच्या बिलाच्या पाठीवर, भराभर आकडे मांडले. वस्तुमान, रेणुभार, तापमान. उत्तर चौघांचेच आले. "त्यांचंच बरोबर आहे गं, तू कुठेतरी तीनपट केलंयस," आम्ही म्हणालो. वर मोठ्या मनाने, "जाऊ दे, तीन गुणांचं तर आहे." लेक ताट तसेच ठेवून उठली. खोलीचे दार लागले. पुढच्या पेपरचे पुस्तक संध्याकाळपर्यंत उघडले गेले नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तोवर तीन उत्तरतालिका फिरत होत्या, आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नव्हत्या.

रात्री अकराला झोप येईना. "तीनपट" हा शब्द डोक्यात घुमत होता. चूक असती तर उत्तर कसेही आले असते, नेमके तीनपट कसे? आणि मग अंगावर काटा आला.

आमची रोजीरोटी समुद्राचे पाणी गोडे करण्यावर चालते. आखातातल्या पाण्यात लिटरमागे चाळीस ग्रॅमहून अधिक मीठ असते. सगळे साधे सोडियम क्लोराईड धरले, लिटरला 42 ग्रॅम, तर कागदावर परासरण दाब सुमारे 36 बार येतो. पंपाने त्याहून बराच जास्त, साठ-सत्तर बारपर्यंत दाब द्यावा लागतो, तेव्हा पडद्यातून गोडे पाणी सुटते. हे 36 कुठून येतात? पाण्यात एका सोडियम क्लोराईडचे दोन आयन होतात, म्हणून दोनने गुणायचे. हा व्हॅन्ट हॉफचा गुणक विसरलात तर 18 बारच येतात, आणि त्या हिशेबाने मागवलेल्या पंपाने नळाला थेंब येणार नाही. पोटॅशियम सल्फेटचे आयन तीन. मीठ पाण्यात पूर्ण सुटते असे धरा, हे प्रश्नातच लिहिले होते. लेकीने तीनने गुणले होते. चौघे विसरले, आणि पाचवे आम्ही.

त्यातून हा व्हॅन्ट हॉफ शिकला डेल्फ्टला, आणि आम्ही एम.एस्सी. केले तेही डेल्फ्टलाच! रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल 1901 साली त्याला मिळाले, त्यात परासरण दाबाचे काम होते. आम्हांला त्याचा गुणक जेवणाच्या टेबलावर आठवला नाही.

चारजण म्हणतात म्हणून खरे, हे मोठ्या परीक्षांतही चालत नाही म्हणा. 2024 च्या 'नीट'मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे मान्य झाली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक लिहिले होते आणि नव्यात दुसरे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले, आणि 720 पैकी 720 मिळवणारे 61 वरून 17 वर आले. पण हे सगळे रात्री अकराला आठवून काय उपयोग?

दार वाजवले. लेक जागीच होती. बिलाचा तोच कागद पुढे केला आणि खाली नवीन ओळ लिहिली: गुणिले तीन. तिने पाहिले, बराच वेळ काही बोलली नाही.

"बाबा, मग दुपारी इतकं ठामपणे कशाला सांगितलंत?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. "चुकलं," एवढेच म्हणालो.

"त्या चौघांना कळवू का?" तिने विचारले. सौ. मागून म्हणाल्या, "आत्ता नको गं, झोपू दे त्यांना. सोमवारी गणिताचा पेपर आहे." लेकीने फोन उपडा ठेवला. मग म्हणाली, "आई, भूक लागलीय." दुपारचा वरणभात तसाच होता, तो सौ.नी गरम केला.