पत्र्याची जाडी

मोटारींच्या लहान प्रतिकृतींसाठी १:४३ हे प्रमाण रूढ आहे. ते आले खेळण्यातील आगगाड्यांकडून. ब्रिटनमध्ये 'ओ' मापाच्या गाड्यांत एका फुटास ७ मिलिमीटर धरीत; शेजारच्या मोटारी विजोड दिसू नयेत म्हणून त्यांनाही तेच माप लावण्यात आले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पूर्वी तयार होणारी आणि मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर शर्यतींतही उतरलेली फियाट या प्रमाणात जेमतेम ९ सेंटिमीटर भरते. परंतु तिचा सुमारे १ मिलिमीटर जाडीचा पत्रा त्याच हिशेबाने कागदाहूनही कितीतरी पातळ व्हावा लागेल. तो हाती धरताच चुरगळेल. म्हणून कारागीर पत्रा जाडच ठेवतो आणि खिडक्यांच्या व चाकांवरील कमानींच्या कडा आतून तासून तो पातळ भासवतो. ही लबाडी क्षम्यच म्हटली पाहिजे.