बर्फावरचे बिऱ्हाड

घर सोडून इतरांच्या सोबतीने राहणे आचरा पंचक्रोशीतील माणसाला नवे नाही. किनाऱ्यावरचा तरुण जहाजावर चढला की महिनोन्‌महिने दर्यावरच्या सोबत्यांनाच आपले कुटुंब मानतो. गावपळणीच्या वेळी रामेश्वराचा कौल मिळाला की सारे गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडते आणि तीन दिवस, तीन रात्री खोपींत संसार थाटते. निवासी शाळेत वाढलेल्या विद्यार्थ्यांना तर हे शिक्षण बालवयातच मिळते. मात्र खलाशाला अधूनमधून बंदर लागते, गावपळण तीन दिवसांनी संपते आणि वसतिगृहाला दिवाळीची सुटी असते. ज्यांना वर्षभर यांपैकी काहीच लाभत नाही अशी काही माणसे दरवर्षी आपल्या देशातून निघतात आणि अंटार्क्टिका खंडावरील भारतीय संशोधन केंद्रांत जाऊन राहतात. तेथील विज्ञानाविषयी अधूनमधून वाचावयास मिळते. परंतु तेथे माणसे एकमेकांबरोबर कशी राहतात, याविषयी फारसे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या सहजीवनाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

केंद्रे आणि तेथील माणसे

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम आपल्या शेजारच्या गोव्यातून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी मार्मागोवा बंदरातून रवाना झाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्याने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. आजही या मोहिमांची सारी व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था पाहते.

तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभे राहिले आणि १९८४ च्या हिवाळ्यात १२ भारतीय तेथे प्रथमच राहिले. हे केंद्र बर्फाच्या थरावर उभारलेले होते. वर्षानुवर्षे पडणाऱ्या बर्फाने ते हळूहळू गाडले गेले व १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. तत्पूर्वी, १९८९ मध्ये, शिर्माकर या खडकाळ प्रदेशात ‘मैत्री’ केंद्र सुरू झाले होते. तेथे हिवाळ्यात सुमारे २५ जण राहू शकतात. २०१२ मध्ये तेथून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला, लार्समन टेकड्यांवर, ‘भारती’ हे तिसरे केंद्र उभे राहिले. मालवाहू जहाजांवर असतात तशा १३४ कंटेनरांची ही इमारत आहे.

केंद्रावर केवळ शास्त्रज्ञच राहतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हिवाळी तुकडीत डॉक्टर, स्वयंपाकी, जनित्रे सांभाळणारे तंत्रज्ञ, वाहनांचे मेकॅनिक, सुतार, वेल्डर आणि संदेशवहन सांभाळणारे यांची संख्या मोठी असते. शास्त्रज्ञांत भारतीय हवामान विभागाचे आणि आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचेही लोक असतात. कुणी केरळचा, कुणी पंजाबचा, कुणी मणिपूरचा. निघण्यापूर्वी सर्वांची शारीरिक व मानसिक तपासणी होते, आणि उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या प्रशिक्षण संस्थेत बर्फात राहण्याचे व चालण्याचे शिक्षण दिले जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस जहाज परत फिरले की पुढचा उन्हाळा येईपर्यंत नवे माणूस येत नाही आणि आजारी पडले तरी सहजासहजी परत जाता येत नाही. जी वीस-पंचवीस माणसे उरली, तीच शेजारी, तीच नातलग आणि तेच गाव.

गॅली ड्यूटी

अशा वस्तीचा दिवस कसा जातो, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम तेथील स्वयंपाकघर पाहावे. जहाजावर स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. तोच शब्द केंद्रावरही रुळला आहे. भारतीय केंद्रांवर ‘गॅली ड्यूटी’ची जुनी पद्धत आहे. भिंतीवर नावांचा तक्ता लावलेला असतो. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी स्वयंपाक्याला भाजी चिरून द्यायची, सर्वांची भांडी घासायची, जेवणाची खोली व बैठक झाडून पुसून काढायची, कचरा वेगवेगळा करून भरायचा आणि शौचालयेही स्वच्छ करायची. या तक्त्यात केंद्रप्रमुखाचे नाव असते, डॉक्टरांचे असते आणि विद्यावाचस्पती पदवी मिळवलेल्या शास्त्रज्ञाचेही असते. पद मोठे म्हणून कुणाला सूट मिळत नाही.

ही पद्धत भारतीयांपुरती नाही. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकेच्या केंद्रातही प्रत्येकाला दर आठवड्याला झाडलोटीचे ठरावीक काम असते. यामागे व्यवहार आहे. दोन डझन माणसांच्या वस्तीत केवळ सफाईसाठी वेगळा माणूस नेणे परवडत नाही. पण या व्यवहाराचा परिणाम फार खोल आहे. आपल्या समाजात झाडू कुणाच्या हाती असावा आणि ताट कुणापुढे यावे, हे शतकानुशतके जन्मावरून ठरत आले. बर्फावरच्या त्या घरात मात्र ते केवळ तारखेवरून ठरते. काल ज्याने आपले ताट घासले त्याचे ताट आज आपण घासायचे, एवढाच तो नियम. या नियमाने श्रमाची लाज जाते. आणि स्वयंपाक्याचे काम किती कष्टाचे आहे हेही एकदा स्वतः भांड्यांच्या राशीपुढे उभे राहिल्यावर आपोआप कळते. अनेक केंद्रांवर स्वयंपाक्याला सुटी असते त्या दिवशी इतर जण चूल सांभाळतात. कुणाचे सांबार, कुणाची पिठले-भाकरी, कुणाचे राजमा-चावल एकाच टेबलावर येते.

पाणी, कचरा आणि आग

पाण्याची गोष्टही अशीच सामाईक आहे. ‘मैत्री’समोर प्रियदर्शिनी नावाचे गोड्या पाण्याचे तळे आहे. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो, परंतु खाली पाणी राहते व तेच सर्वांसाठी उपसले जाते. ‘दक्षिण गंगोत्री’वर तर बर्फ वितळवूनच पाणी करावे लागे. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकी केंद्रात आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी दोन मिनिटे, एवढीच अंघोळ मिळते. पाणी करण्यासाठी इंधन लागते आणि इंधन हजारो किलोमीटरवरून येते. म्हणून कुणी नळ उघडा ठेवला तर तो सर्वांच्या वाट्याचे इंधन सांडत असतो.

कचऱ्याचेही तसेच. अंटार्क्टिका कुणाच्याही मालकीची नाही. १९५९ च्या करारान्वये ती शांततापूर्ण कामासाठी व विज्ञानासाठी राखलेली आहे आणि १९९१ च्या माद्रिद येथील पर्यावरणविषयक करारनाम्याने तेथील कचऱ्याचे कडक नियम घालून दिले आहेत. प्लास्टिक, डबे, काच, जुन्या बॅटऱ्या हे सारे बांधून जहाजाने परत आणावे लागते. बाहेरचे प्राणी नेण्यासही बंदी आहे. त्यामुळे एकटेपणात सोबत करणारे कुत्रे-मांजरही तेथे नसते.

सर्वांत मोठी भीती थंडीची नसून आगीची असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. हवा अतिशय कोरडी, वारा प्रचंड आणि विझवण्यास वाहते पाणी दुर्मीळ. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्राझीलच्या केंद्राला लागलेल्या आगीत दोघांचा मृत्यू झाला आणि केंद्राचा बहुतेक भाग भस्मसात झाला. हिवाळ्यात घर जळाले तर जायचे कोठे? म्हणूनच आग विझवण्याच्या सरावात प्रत्येकाला ठरावीक काम नेमून दिलेले असते.

अंधाराचे दोन महिने

मे महिन्याच्या उत्तरार्धात ‘मैत्री’वरचा सूर्य मावळतो आणि जुलैच्या अखेरीसच पुन्हा उगवतो. दुपारी क्षितिजावर थोडासा संधिप्रकाश दिसतो, एवढेच. हिमवादळ सुरू झाले की दोन इमारतींमध्येही दोरीला धरून चालावे लागते. शरीराचे घड्याळ बिघडते, झोप येत नाही, नावे आठवत नाहीत, माणूस बोलता बोलता शून्यात पाहत राहतो. १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ हे बेल्जियमचे जहाज अंटार्क्टिकाच्या समुद्रबर्फात अडकले, तेव्हा त्यावरील खलाशांची हीच अवस्था झाली होती. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी त्यांना शेकोटीच्या उजेडापुढे बसवले, ताजे मांस खाऊ घातले आणि जहाजाभोवती फेऱ्या मारायला लावल्या. उजेड, ताजे अन्न, हालचाल आणि सोबत हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलेले उपाय आजही तेथे पाळले जातात.

बेक्टेल आणि बर्निंग या अभ्यासकांनी १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. अशा एकांतवासात मन सर्वाधिक खचते ते आरंभी नव्हे, तर निम्मा काळ सरल्यानंतर, तिसऱ्या टप्प्यात. अर्धे झाले याचा आनंद ओसरतो आणि तितकेच अजून उरले आहे, हे ध्यानात येते. मग कुणाच्या घास चावण्याच्या आवाजाचा राग येतो, कुणाची खुर्ची कुणी घेतली यावरून अबोला धरला जातो. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका रशियन केंद्रावर सहकाऱ्यावर चाकूहल्ला झाल्याची बातमी जगभर गाजली होती. जेथून उठून जाता येत नाही तेथे भांडण मिटवावेच लागते. म्हणून अनुभवी केंद्रप्रमुख एका गोष्टीवर फार भर देतात: जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे. जो दोन दिवस ताटावर दिसला नाही त्याच्या खोलीचे दार कुणीतरी ठोठावायचे. कॅरम, टेबल टेनिस, चित्रपट, वाढदिवसाचा केक या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तेथे औषधाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

सहवासाचा परिणाम बोलण्यावरही होतो. एका ब्रिटिश केंद्रावर हिवाळाभर राहिलेल्या ११ जणांच्या उच्चारांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या त्या माणसांचे काही स्वर अवघ्या काही महिन्यांत एकमेकांच्या जवळ सरकू लागले होते. वसतिगृहात मालवणी, घाटी आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांची एक वेगळीच बोली तयार होते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

अंधाराच्या ऐन मध्यावर, २१ जूनला, अंटार्क्टिकावरील सर्व देशांची केंद्रे मध्यहिवाळ्याचा सण साजरा करतात आणि परस्परांना शुभेच्छा पाठवतात. ‘मैत्री’पासून काही किलोमीटरवर रशियाचे नोवोलाझारेव्हस्काया केंद्र आहे. त्यांचे आपल्याकडे आणि आपले त्यांच्याकडे जाणे-येणे असते. भाषा समजत नसली तरी पाहुणचार समजतो.

स्त्रिया आणि टपाल

आरंभी हे केवळ पुरुषांचे जग मानले जाई. तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत व भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या. तेव्हा त्यांचे वय ५६ होते आणि २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच महिला होत्या. कणखरपणा देहयष्टीवर अवलंबून नसतो, हे त्यांनी दाखवून दिले.

घराशी संपर्क पूर्वी रेडिओवरून होई. आता उपग्रहामुळे बोलणे सुलभ झाले आहे. तरीही पत्राची ओढ संपलेली नाही. ५ एप्रिल २०२४ रोजी ‘भारती’ केंद्रावर टपाल कार्यालय सुरू झाले. ते महाराष्ट्र टपाल परिमंडळाच्या कक्षेत आहे आणि त्याला ‘एमएच-१७१८’ असा क्रमांक दिलेला आहे. पृथ्वीच्या तळाशी असलेल्या त्या वस्तीची टपालापुरती तरी गणना आपल्या महाराष्ट्रातच होते, ही आपल्याला सुखावणारी गोष्ट आहे.

उन्हाळा येतो, क्षितिजावर जहाज दिसते आणि नवी तुकडी उतरते. जुने लोक नव्यांना जनित्रे दाखवतात, किल्ल्या देतात आणि भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ताही सोपवतात. पुढचे वर्ष कसे जाणार, हे यंत्रांइतकेच त्या साध्या कागदावरही अवलंबून असते. ‘मैत्री’ हा शब्द या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु मैत्री ही केवळ मनातली सदिच्छा राहिली तर अंधाराचे दोन महिने ती टिकत नाही. ती टिकते आपल्या पाळीच्या दिवशी तक्रार न करता हाती घेतलेल्या झाडूत, दुसऱ्यासाठी राखून ठेवलेल्या गरम पाण्यात आणि न आलेल्या सोबत्याचे दार ठोठावण्यात. आपल्या मुलांनी वसतिगृहात ताटे घासली, अंगण झाडले, पाणी भरले, म्हणून कुणा पालकाचे मन हळहळत असेल, तर त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पृथ्वीवरील सर्वांत कठीण जागी माणसांना जगवणारी विद्या ती हीच.