ॲथलेटिक ट्रेनिंग : पदवी-शिक्षण

खेळाडूंच्या इजांना शक्य तितका प्रतिबंध करणे, इजा झाल्यास तिची जागच्या जागी तपासणी व तातडीचे उपचार करणे आणि खेळाडू पुन्हा खेळण्यास समर्थ होईपर्यंत त्याचे पुनर्वसन घडवून आणणे, या कार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झालेला विद्यापीठीय अभ्यासक्रम. ही पदवी घेऊन प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या व्यक्तीस ‘ॲथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. मराठीत ‘प्रशिक्षक’ हा शब्द खेळाचे डावपेच व कौशल्ये शिकविणाऱ्यासाठी रूढ आहे. व्यायामशाळेत व्यायाम करवून घेणाऱ्यासही ‘ट्रेनर’ म्हटले जाते. ॲथलेटिक ट्रेनर या दोहोंहून वेगळा असून तो आरोग्यसेवक असतो व वैद्याच्या देखरेखीखाली काम करतो. यास्तव प्रस्तुत नोंदीत मूळ संज्ञाच वापरली आहे.

इतिहास : हा व्यवसाय आधी मैदानावर जन्मला आणि विद्यापीठात पुष्कळ उशिरा पोहोचला. हार्व्हर्ड विद्यापीठाने १८८१ मध्ये आपल्या फुटबॉल संघाच्या शारीरिक तयारीसाठी जेम्स रॉबिन्सन यांची नेमणूक केली, तेव्हापासून त्याचा आरंभ सामान्यतः मानला जातो. सुरुवातीचे ट्रेनर हे अंगमर्दन, घोट्याला पट्टी बांधणे, शेक देणे इ. कामे अनुभवाने शिकलेले असत. आपल्याकडील तालमीत वस्तादाने निखळलेला सांधा बसवावा व मुरगळलेला पाय चोळून द्यावा, तशीच ही विद्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाई. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या सॅम्युएल बिलिक यांच्या, पुढे ‘ट्रेनरचे बायबल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रंथाने (सु. १९१७) या अनुभवाला प्रथमच पाठ्यपुस्तकाचे रूप दिले. ट्रेनरांची पहिली राष्ट्रीय संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली. परंतु युद्धकाळात, १९४४ च्या सुमारास ती बंद पडली. आजची ‘नॅशनल ॲथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन’ ही संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली.

या संघटनेने १९५९ मध्ये पहिला आदर्श अभ्यासक्रम तयार केला. त्याची रचना बोलकी आहे. त्यात माध्यमिक शिक्षकाची पात्रता मिळविण्यावर भर होता, तसेच भौतिकोपचाराच्या पुढील शिक्षणास लागणारे विज्ञानविषय समाविष्ट होते. केवळ ट्रेनर म्हणून कोणाचा चरितार्थ चालेल, असे खुद्द संघटनेलाही तेव्हा वाटत नव्हते, हे यावरून उघड होते. १९६९ मध्ये मॅनकॅटो स्टेट, इंडियाना स्टेट, लामार व न्यू मेक्सिको या चार विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना संघटनेची पहिली मान्यता मिळाली आणि त्याच सुमारास राष्ट्रीय प्रमाणनाची परीक्षाही सुरू झाली. टेक्सस राज्याने १९७१ मध्ये या व्यवसायासाठी परवान्याचा कायदा केला. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा केंद्रीय कायदा आल्यावर मुलींचे संघ वाढले व त्यांबरोबर स्त्री-ट्रेनरांची गरजही वाढली. पूर्वी केवळ पुरुषांच्या असलेल्या या व्यवसायात आता निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

तथापि परीक्षेस बसण्याचा उमेदवारीचा मार्गही दीर्घकाळ खुला होता. मान्य अभ्यासक्रम न करताही अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली ठराविक तास काम केलेल्या पदवीधरास परीक्षा देता येई. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या व्यवसायास संलग्न आरोग्यव्यवसाय म्हणून मान्यता दिल्यानंतर ही दुहेरी व्यवस्था टिकणे कठीण झाले आणि २००४ च्या आरंभी उमेदवारीचा मार्ग बंद करण्यात आला. अभ्यासक्रमांना मान्यता देणारे स्वतंत्र मंडळ २००६ मध्ये अस्तित्वात आले. व्यवसायप्रवेशाची पदवी पदव्युत्तर असावी, असा निर्णय २०१५ मध्ये झाला व त्यानुसार २०२२ च्या शरद सत्रानंतर स्नातक पातळीवरील नवे प्रवेश थांबले.

अभ्यासक्रम : पदव्युत्तर शिक्षण साधारणतः दोन वर्षांचे असते. प्रवेशापूर्वी जीवविज्ञान, रसायनशास्त्र, भौतिकी, मानसशास्त्र, शारीर व शरीरक्रियाविज्ञान हे विषय झालेले असावे लागतात. काही विद्यापीठे स्नातक व पदव्युत्तर पदव्या जोडून पाच वर्षांत पूर्ण करण्याची सोय देतात. प्रमाणन परीक्षेत इजांचा धोका कमी करणे व आरोग्यविषयक जाण वाढविणे, तपासणी व निदान, आणीबाणीच्या प्रसंगांचे व्यवस्थापन, उपचार आणि सेवेचे प्रशासन व व्यावसायिक जबाबदारी अशी पाच क्षेत्रे असतात. प्रत्यक्ष कामाचे शिक्षण वर्गातील शिक्षणाइतकेच महत्त्वाचे मानले जाते. त्यात किमान चार आठवडे तरी विद्यार्थ्याने पूर्ण वेळ एखाद्या ट्रेनरबरोबर राहून काम करावे लागते. तसेच त्याचा संबंध केवळ तरुण खेळाडूंशी न येता निरनिराळ्या वयांच्या व खेळाबाहेरील रुग्णांशीही यावा, असा नियम आहे. कारखाने, सैन्यदले, नृत्यसंस्था यांतही ट्रेनर काम करतात.

इजेच्या वेळी मैदानावर उपस्थित असलेल्या जाणकाराला जे समजू शकते, ते नंतरच्या तपासणीत अनेकदा हाती लागत नाही. गुडघ्याच्या आतील पुढचा अस्थिबंध तुटल्याच्या शंकेचे उदाहरण घेता येईल. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावयाची व दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ओढून पाहावयाचे, ही लॅकमन चाचणी होय. अस्थिबंध शाबूत असल्यास हाड एका मर्यादेवर ठामपणे थांबते. तुटलेला असल्यास ते मऊपणे पुढे सरकते. परंतु काही वेळाने सांध्यात रक्त साचून सूज येते, वेदनेमुळे मांडीचे स्नायू आखडतात आणि हाच स्पर्श फसवा होतो. हा स्पर्श पुस्तकातून येत नाही. त्यासाठी अनेक निरोगी व दुखावलेले गुडघे हाताखालून जावे लागतात. प्रत्यक्ष कामाच्या तासांचा आग्रह धरण्यामागे हेच कारण आहे.

श्रमजन्य उष्माघाताच्या बाबतीत तर विलंबाची किंमत जीवाने मोजावी लागते. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर ऑगस्ट २००१ मध्ये सरावानंतर उष्माघाताने मरण पावला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात २०१० मध्ये संशोधनसंस्था स्थापन झाली. विद्यार्थ्यांना शिकविले जाते ते असे : सरावात कोसळलेल्या वा भ्रमिष्टासारख्या वागणाऱ्या खेळाडूचे तापमान गुदद्वारातून मोजावे, कारण तोंडातील किंवा काखेतील मापन अशा वेळी विश्वसनीय नसते. ते ४०·५° से.पेक्षा अधिक आढळल्यास त्यास तत्काळ बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवावे, सुमारे अर्ध्या तासात तापमान ३८·९° से.पर्यंत आणावे आणि त्यानंतरच रुग्णालयात न्यावे. रुग्णाला आधी रुग्णवाहिकेत घालण्याची स्वाभाविक प्रवृत्ती येथे घातक ठरते. उपाय साधा आहे, टबही स्वस्त आहे. मैदानाच्या कडेला तो भरून ठेवण्याचा आग्रह धरणारा माणूस मात्र तेथे असावा लागतो. हृदयक्रिया बंद पडण्याबाबतही हेच खरे आहे. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथील सामन्यात बफेलो बिल्स संघाचा डमार हॅमलिन छातीवरील आघातानंतर कोसळला. संघाचे साहाय्यक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच छातीदाबाचे उपचार सुरू केले व तो वाचला.

अधिकाराचा प्रश्न : ट्रेनरचे ज्ञान वाढले, तरी त्याचा शब्द अंतिम मानला जाईल, असे नसते. खेळाडूला बाहेर बसवावे असे त्याचे मत असते. सामना जिंकावा अशी मुख्य प्रशिक्षकाची निकड असते. आणि अनेक महाविद्यालयांत ट्रेनरची नेमणूक व पगार ज्या क्रीडाविभागाकडे असतात, त्यावर प्रशिक्षकाचेच वजन असते. खेळाडू स्वतःही दुखणे लपवितो, हे निराळेच. डोक्यावर आघात झाल्याचा संशय असलेल्या अल्पवयीन खेळाडूस परवानाधारक आरोग्यव्यावसायिकाच्या लेखी संमतीविना पुन्हा खेळवू नये, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला व इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या राष्ट्रीय संघटनेतील पाच प्रमुख परिषदांनी २०१६ मध्ये वैद्यकीय निर्णय प्रशिक्षकाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा नियम केला. पदवी उच्च केल्याने अन्य आरोग्यव्यवसायांशी बरोबरी साधून हा अधिकार बळकट होईल, हा पदव्युत्तर शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचा प्रमुख युक्तिवाद होता. तो रास्त असला, तरी त्याची दुसरी बाजू दुर्लक्षणीय नाही. शिक्षणाचा खर्च वाढला, लहान महाविद्यालयांपैकी अनेकांनी अभ्यासक्रम बंद केले आणि कामाचे तास (संध्याकाळ व सुट्टीचे दिवस धरून) तसेच वेतन यांचा मेळ बसत नाही, ही जुनी तक्रार अधिक तीव्र झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश माध्यमिक शाळांना ट्रेनरची सेवा मुळीच उपलब्ध नव्हती. पदवीची उंची वाढवून ही उणीव भरून निघेल, असे दिसत नाही.

भारतातील स्थिती : भारतात हे काम अनेकांत विभागलेले आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) व पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था (१९६१) यांचा भर अनुक्रमे शारीरिक शिक्षण व क्रीडाप्रशिक्षण यांवर आहे. इजांचे उपचार व पुनर्वसन मुख्यतः भौतिकोपचारज्ञ करतात. भौतिकोपचाराची स्नातक पदवी घेऊन पुढे क्रीडा-भौतिकोपचार या शाखेत दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मोठ्या संघांबरोबर असे तज्ञ असतात. शालेय स्पर्धांत व गावोगावच्या कबड्डी-कुस्तीच्या मैदानांवर ते क्वचितच आढळतात. अमेरिकन प्रमाणन परीक्षेस बसण्यासाठी, काही मोजक्या देशांशी झालेले करार सोडता, तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक असते. त्यामुळे भारतातील भौतिकोपचाराच्या पदवीधरासही तेथे जाऊन या विषयाची पदवी नव्याने घ्यावी लागते.